युरोपीय महासंघाचे सामायिक व्यापार धोरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकची द्राक्षे रॉटरडॅमला उतरतात, चाकणमध्ये बनलेले सुटे भाग जर्मनीतल्या कारखान्यात जातात. घेणारा कोणत्या तरी एका देशातला असतो, पण तो माल आत येताना किती शुल्क लागेल आणि कोणत्या कसोटीला उतरावे लागेल हे त्या देशाचे सरकार एकट्याने ठरवत नाही. सत्तावीस देश मिळून ठरवतात. ते नेमके कसे, याबद्दल निर्यातदारांपासून स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात गोंधळ असतो. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे.

देश २७, मग आयात शुल्क एकच कसे?

हे सगळे देश सीमाशुल्क संघात आहेत म्हणून. १९५७ च्या रोम करारात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी दोन गोष्टी मान्य केल्या. आपापसांतल्या मालावर शुल्क घ्यायचे नाही आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांनी सारखेच घ्यायचे. ठरलेल्या मुदतीच्या दीड वर्ष आधी, १ जुलै १९६८ रोजी, हे काम पूर्ण झाले.

यातली दुसरी गोष्ट पहिलीतूनच येते. समजा, ग्रीसने मोटारींवर ५ टक्के शुल्क लावले, फ्रान्सने २० टक्के, आणि दोघांमधली सीमा मात्र उघडी ठेवली. मग प्रत्येक मोटार ग्रीसच्या बंदरात उतरून फ्रान्सला जाईल आणि फ्रान्सचे २० टक्के कागदावरच राहतील. मुंबईत २०१७ पर्यंत मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर जकातीसाठी ट्रकांच्या रांगा लागत. युरोपने असे आतले सगळे नाके काढून टाकले आणि बाहेरच्या कुंपणावर एकच दरपत्रक टांगले. आज मोटारीवर १० टक्के, बहुतेक तयार कपड्यांवर १२ टक्के. हँबर्गला उतरा, पिरेअसला उतरा की व्हॅलेन्सियाला, दर तोच.

आता पुढची पायरी. दर सामायिक असेल तर तो एकट्याने कमी करता येणार नाही, आणि दर कमी करण्याचे वचन देणे हाच तर व्यापार कराराचा गाभा. म्हणून वाटाघाटीही एकत्रच कराव्या लागतात. युरोपच्या एकीबद्दल खूप मोठे शब्द वापरले जातात, पण व्यापार धोरण एक होण्यामागे त्या शब्दांपेक्षा या गणिताचा वाटा मोठा आहे.

मग भारत फक्त जर्मनीशी किंवा फक्त फ्रान्सशी व्यापार करार करू शकत नाही?

नाही. ‘जर्मनीबरोबर व्यापार करार’ असा मथळा दिसला की बातमी नीट वाचावी. जर्मनीचे चान्सलर दिल्लीत येऊन संरक्षण, कुशल कामगारांचे व्हिसा, संशोधन, हरित ऊर्जा यांवर करार करू शकतात. दुहेरी करआकारणी टाळण्याचे करारही देशादेशांतच होतात. पण भारतीय कापडावरचे शुल्क एक टक्क्याने उतरवण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांनी पाठिंबा दिला तर त्याला वजन आहे, कारण ब्रुसेल्समधल्या, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयातल्या, टेबलावर जर्मनीचा शब्द मोठा असतो. पण सही त्यांची नसते.

भारताने म्हणूनच ब्रुसेल्सशी बोलणी केली. ती २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये मोटारी, मद्य, सेवाक्षेत्र, औषधांचे पेटंट अशा मुद्द्यांवर अडकून थांबली, जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये दिल्लीत ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. बोलणी पूर्ण होणे आणि करार लागू होणे यांत मोठे अंतर असते. ते का, हे पुढे येईलच.

हा अधिकार ब्रुसेल्सकडे कायद्याने कुठून आला?

सदस्य देशांनीच तो करार करून दिला. सध्याची तरतूद महासंघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या कलम २०७ मध्ये आहे आणि त्याच कराराच्या कलम ३ नुसार सामायिक व्यापार धोरण हे महासंघाचे ‘अनन्य’ अधिकारक्षेत्र आहे, म्हणजे तिथे सदस्य देशाने स्वतंत्र कायदा करायचा नाही.

पण या क्षेत्राची हद्द कुठवर, यावर अनेक दशके भांडण चालले. वस्तूंबद्दल कधी वाद नव्हता. सेवा, बौद्धिक संपदा, गुंतवणूक यांबद्दल होता. जागतिक व्यापार संघटना स्थापन होत असताना, १९९४ मध्ये, युरोपीय न्यायालयाने सांगितले की सेवा आणि बौद्धिक संपदेच्या बऱ्याच भागात अधिकार सामायिक आहेत, म्हणून महासंघ आणि सदस्य देश या दोघांनीही सही करावी. १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या लिस्बन कराराने सेवा, बौद्धिक संपदेची व्यापारी बाजू आणि थेट परकीय गुंतवणूक हे सगळे ब्रुसेल्सच्या पदरात टाकले. त्याच कराराने युरोपीय संसदेला खरी ताकद दिली. तिची संमती नसेल तर करार होत नाही.

करार प्रत्यक्षात होतो कसा?

बाहेरून पाहणाऱ्याला दोन नेते हस्तांदोलन करताना दिसतात. त्याआधीचे आणि नंतरचे काम जास्त महत्त्वाचे असते.

सुरुवात युरोपीय आयोगापासून. आयोग म्हणजे महासंघाची कार्यकारी यंत्रणा. त्यात एक व्यापार आयुक्त असतो. डिसेंबर २०२४ पासून हे पद स्लोव्हाकियाचे मारोश शेफ्कोविच यांच्याकडे आहे. आयोग एखाद्या देशाशी बोलणी करण्याची परवानगी मागतो आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद ती देते. परवानगीबरोबर लेखी सूचना येतात, म्हणजे कशावर सूट द्यायची आणि कशाला हात लावायचा नाही. २०१३ मध्ये अमेरिकेशी बोलणी सुरू होताना फ्रान्सने हट्ट धरला की चित्रपट आणि दूरचित्रवाणी या टेबलावर येताच कामा नयेत. तो विषय सूचनांमधून वगळल्यावरच परवानगी मिळाली.

त्यानंतर बोलणी आयोगच करतो, पण त्याच्या पाठीशी सतत एक समिती बसलेली असते. सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांची ही व्यापार धोरण समिती. प्रत्येक फेरीनंतर आयोगाचे अधिकारी तिला सांगतात की समोरच्याने काय मागितले आणि आपण काय देऊ पाहतो. आयर्लंडला गोमांसाची काळजी, इटलीला चीजच्या नावांची, पोर्तुगालला कापडाची, जर्मनीला मोटारींची, स्वीडनला आपले पोलाद आणि यंत्रे बाहेर विकण्याची. एकाला सूट मिळवून द्यायची तर दुसऱ्याने काही सोडावे लागते. माझ्या मते खरा सौदा या खोलीत होतो. भारतीय वाटाघाटकारांना समोर एक माणूस दिसत असला तरी तो आधीच सत्तावीस जणांशी घासाघीस करून आलेला असतो. म्हणून युरोपचा ‘नाही’ इतका ताठर वाटतो. तो बदलायचा तर आतला सगळा सौदा पुन्हा उघडावा लागतो, आणि ते कोणालाच नको असते.

मसुदा ठरला की कायदेतज्ज्ञ शब्दन् शब्द तपासतात. मग चोवीस अधिकृत भाषांत भाषांतर होते, आणि त्या सगळ्या भाषांतले मजकूर कायद्याने सारखेच अधिकृत असतात. एवढ्यात वर्ष सहज जाते. नंतर परिषद सहीला मान्यता देते, सही होते, संसद मत देते आणि शेवटी परिषद करार पक्का करते.

संसद नाही म्हणू शकते का? म्हटले आहे. नकली माल आणि कॉपीराइटविषयीचा ‘अ‍ॅक्टा’ करार आयोगाने बोलणी करून आणला होता आणि बऱ्याच सदस्य देशांनी त्यावर सही केली होती. ४ जुलै २०१२ रोजी संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. इंटरनेटवरच्या स्वातंत्र्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते आणि खासदारांनी ते ऐकले. करार तिथेच संपला.

एक देश विरोधात गेला तर करार अडतो का?

सहसा नाही. परिषदेत व्यापाराचे बहुतेक निर्णय विशिष्ट बहुमताने होतात. किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, बाजूने हवेत आणि त्यांच्यात महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या असायला हवी. अडवायचे असेल तर किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या जमवावी लागते. फ्रान्ससारख्या मोठ्या देशालाही सोबती शोधावे लागतात.

ताजे उदाहरण दक्षिण अमेरिकेतल्या मेर्कोसुर गटाशी झालेल्या कराराचे. पंचवीस वर्षे बोलणी चालली. ९९ हजार टन गोमांस कमी शुल्कात येऊ देण्यावरून फ्रेंच, आयरिश आणि पोलिश शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणले. जानेवारी २०२६ मध्ये फ्रान्स, पोलंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि हंगेरी यांनी विरोधात मत दिले, बेल्जियम तटस्थ राहिला, आणि तरीही मंजुरी मिळाली. इटली कुठे झुकते यावर सगळे अवलंबून होते. इटली बाजूने आली आणि अडवण्यापुरती लोकसंख्या उरली नाही. त्याच महिन्यात पॅराग्वेची राजधानी असुन्सियोन इथे सही झाली. पण लगेच युरोपीय संसदेने थोड्या मतांच्या फरकाने हा करार न्यायालयाकडे मतासाठी पाठवला. परिषदेत जिंकलेला डाव संसदेत अडकू शकतो तो असा.

काही विषयांत मात्र एकमत लागते. एखाद्या देशाची सांस्कृतिक विविधता धोक्यात येईल अशा दृकश्राव्य सेवा आणि सामाजिक, शिक्षण, आरोग्य सेवांचे काही करार त्यात येतात.

मग बेल्जियमच्या एका प्रांताने कॅनडाचा करार कसा रोखला होता?

तो करार ‘मिश्र’ होता म्हणून. करारातला काही भाग महासंघाच्या अनन्य अधिकाराबाहेर जात असेल तर प्रत्येक सदस्य देशाची सही आणि त्या त्या देशाच्या राज्यघटनेप्रमाणे मंजुरी लागते. बेल्जियमच्या घटनेत प्रांतिक संसदांनाही यात हक्क आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वालोनिया या फ्रेंचभाषक प्रांताने संमती रोखली. प्रांताची लोकसंख्या साधारण ३५ लाख. त्यांचा मुख्य आक्षेप गुंतवणूकदारांना सरकारवर दावा ठोकू देणाऱ्या लवादाला होता, आणि शेतीबद्दलही भीती होती. कॅनडाच्या व्यापारमंत्री बोलणी सोडून परत निघाल्या. शेवटी खुलासे आणि आश्वासने जोडून ३० ऑक्टोबरला सही झाली.

वालोनियाला अडाणी, हटवादी ठरवणारे लेख तेव्हा भरपूर आले. मला ते अन्यायकारक वाटले. त्या प्रांताच्या संसदेने मसुदा बारकाईने वाचला होता आणि लवादाबद्दलची त्यांची शंका पुढे पुष्कळांनी मान्य केली.

हा करार सप्टेंबर २०१७ पासून तात्पुरता लागू आहे, म्हणजे शुल्ककपात चालू आहे, लवादाचा भाग थांबलेला आहे. २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने विरोधात मत दिले, तरीही तात्पुरती अंमलबजावणी थांबली नाही.

या प्रकारानंतर ब्रुसेल्सने वाट बदलली. १६ मे २०१७ रोजी न्यायालयाने सिंगापूर कराराबद्दलच्या मतात हद्द आखून दिली. जवळपास सगळे महासंघाच्या हातात, फक्त शेअर-रोख्यांतली गुंतवणूक आणि गुंतवणूकदार-सरकार वादांची यंत्रणा सामायिक. मग आयोगाने करारांचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. व्यापाराचा एक, गुंतवणूक संरक्षणाचा दुसरा. सिंगापूरचा व्यापार करार नोव्हेंबर २०१९ मध्ये लागू झाला, व्हिएतनामचा ऑगस्ट २०२० मध्ये. प्रांतिक संसदांची वाट पाहावी लागली नाही.

बंदरात जमा झालेले शुल्क कोणाचे?

महासंघाचे. गोळा करणारा देश वसुलीचा खर्च म्हणून २५ टक्के ठेवतो, ७५ टक्के महासंघाच्या अर्थसंकल्पात जातात. रॉटरडॅमला उतरलेल्या मालाचा मोठा हिस्सा पुढे जर्मनीत, ऑस्ट्रियात विकला जातो. सगळे शुल्क नेदरलँड्सने ठेवले असते तर ते इतरांना मान्य झाले नसते.

यातून एक अडचण उभी राहते. दर एक आहे, पण कस्टम्सचे अधिकारी अजूनही त्या त्या देशाचे. एखाद्या देशाने तपासणीत ढिलाई केली तर नुकसान सगळ्यांचे होते. ब्रिटन सदस्य असताना चीनहून येणारे कपडे आणि पादत्राणे अविश्वसनीय कमी किमती दाखवून तिथून आत येत होती. युरोपच्या फसवणूकविरोधी यंत्रणेने वारंवार इशारे दिले. ८ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरले आणि महासंघातून बाहेर पडून झालेल्या ब्रिटनला थकलेले शुल्क व्याजासह भरावे लागले.

अँटी-डम्पिंग शुल्क कोण लावते?

घरच्या भावापेक्षा स्वस्तात परदेशात ओतलेल्या मालावर लागणारे हे जादा शुल्क. इथेही आयोगच. युरोपातल्या उत्पादकांची तक्रार आली की आयोग चौकशी करतो, निर्यातदार कारखान्यांना प्रश्नावली पाठवतो, अधिकारी प्रत्यक्ष तपासायला येतात. आपल्याकडच्या रसायन आणि पोलाद उद्योगाला या प्रश्नावल्या चांगल्या माहीत आहेत. माझे आग्रहाचे सांगणे आहे की उत्तर द्यायचे टाळू नका. सहकार्य न करणाऱ्या कंपनीला ‘उपलब्ध माहिती’ धरून दर लावला जातो, आणि तो जवळपास नेहमी सर्वांत चढा असतो.

इथल्या मतदानाची रचना मुद्दाम उलटी ठेवली आहे. आयोगाचा प्रस्ताव मंजूर करायला बहुमत लागत नाही, तो रोखायला लागते. अनुदानित मालावरच्या जादा शुल्कालाही हीच पद्धत आहे. चिनी विजेवरच्या मोटारींचे प्रकरण घ्या. सरकारी अनुदानामुळे त्या स्वस्त पडतात, असा निष्कर्ष आयोगाने काढला. ४ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानात १० देश बाजूने, जर्मनीसह ५ विरोधात, १२ तटस्थ. दहाच मते असूनही शुल्क लागू झाले, कारण रोखण्याइतके बहुमत विरोधकांकडे नव्हते. बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८, एसएआयसीला ३५.३ टक्के, आणि हे सगळे नेहमीच्या १० टक्क्यांच्या वर. जर्मन मोटार कंपन्यांचा चीनमध्ये मोठा धंदा असल्यामुळे त्यांना प्रतिहल्ल्याची धास्ती होती. चीनने ब्रँडी, डुकराचे मांस आणि दुग्धपदार्थांवर चौकशा सुरू केल्या होत्याच, आणि ब्रँडी म्हणजे बहुतांशी फ्रान्स. एका देशाने मागितलेल्या संरक्षणाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही या व्यवस्थेतली कायमची दुखरी जागा आहे.

एखाद्या बड्या राष्ट्राने एकाच सदस्याला धमकावले तर?

लिथुएनियाने २०२१ मध्ये राजधानी विल्नियसमध्ये तैवानच्या नावाने प्रतिनिधी कार्यालय उघडू दिले. त्यानंतर लिथुएनियाचा माल चीनच्या बंदरांत अडकू लागला. पुढे ज्या जर्मन किंवा फ्रेंच वस्तूंत लिथुएनियाचे सुटे भाग आहेत त्यांनाही अडचणी आल्या. जानेवारी २०२२ मध्ये महासंघाने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. तो तडीस गेला नाही, पण या अनुभवातून आर्थिक दडपशाहीविरोधी कायदा पुढे रेटला गेला आणि २७ डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आला. त्याखाली शुल्काबरोबरच सेवा, गुंतवणूक, सरकारी खरेदी अशा क्षेत्रांतही प्रत्युत्तर देता येते.

अमेरिकेच्या बाबतीत दोन्ही रंग दिसले. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद, ॲल्युमिनियमवर शुल्क लावताच युरोपने बर्बन व्हिस्की, जीन्स आणि मोटारसायकलींवर उलट शुल्क लावले. जुलै २०२५ मध्ये मात्र स्कॉटलंडमधल्या टर्नबेरी इथे युरोपने बहुतेक मालावर १५ टक्के अमेरिकी शुल्क मान्य केले. फ्रान्समधून त्यावर तीव्र टीका झाली, जर्मनीच्या निर्यातदारांनी निदान अनिश्चितता संपली म्हणून सुस्कारा सोडला. एकत्र असल्याने वजन वाढते हे खरे, पण ते वापरायची तयारी सगळ्यांची सारखी नसते.

आमच्या द्राक्षांचा आणि आंब्याचा याच्याशी काय संबंध?

खूप जवळचा. कायद्याच्या भाषेत अन्नसुरक्षेचे नियम व्यापार धोरणात मोडत नाहीत, पण शेतकऱ्याला तो फरक जाणवत नाही, कारण परिणाम तोच. एका दारात अडले की २७ दारांत अडले.

१ सप्टेंबर २००८ पासून कीडनाशकांच्या अंशाची कमाल मर्यादा, ज्याला द्राक्षपट्ट्यात सगळे एमआरएल म्हणतात, संपूर्ण महासंघात एकच झाली. त्याआधी देशागणिक आकडे वेगळे असत. एकच आकडा झाल्याने सोय झाली, पण जोखीमही एकवटली. २०१० च्या हंगामात सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि आपले कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. नाशिक, सांगलीच्या बागायतदारांनी तेव्हा सोसलेले नुकसान मोठे होते, आणि त्यातले बहुतेक जण शिफारशीप्रमाणेच फवारत होते. तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतेच. ती यादी त्यानंतर वाढवली गेली. केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या (अपेडा) ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर प्लॉटची नोंद, रेसिड्यूची तपासणी, पॅकहाउसपर्यंतचा माग ही सगळी शिस्त अशा धक्क्यांतून घट्ट झाली.

आंब्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. १ मे २०१४ पासून, ऐन हापूसच्या मोसमात, महासंघाने भारतीय आंब्यासह वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांची आयात बंद केली. आदल्या वर्षी २०७ खेपांत फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. हा आंबा मुख्यतः ब्रिटनमध्येच खपत होता. लंडन, लेस्टरच्या दुकानदारांनी आरडाओरड केली, ब्रिटिश खासदारांनी आवाज उठवला. ब्रिटनच्या गारठ्यात फळमाशी तगणे कठीण, मग आम्हाला का बंदी, असा त्यांचा सवाल होता. पण उघड्या सीमांमुळे लंडनला उतरलेली पेटी स्पेनच्या संत्र्यांच्या बागांजवळ जाऊ शकते. नियम सगळ्यांचा, म्हणून तो उठवणेही सगळ्यांनी मिळून. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांचा तो मोसम गेला. आपल्याकडची प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्याची खात्री झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

मला तळमळीने वाटते की असे नियम बदलण्याआधी जे मसुदे प्रसिद्ध होतात ते मराठीत, सोप्या भाषेत, गावातल्या उत्पादक संघापर्यंत पोचायला हवेत. युरोप बदलाची सूचना जागतिक व्यापार संघटनेमार्फत आधी देतो आणि हरकतींना मुदत असते. ती मुदत आपल्याकडे कळेकळेपर्यंत संपलेली असते.

बांगलादेशाचा शर्ट विनाशुल्क आणि आपल्याला शुल्क, असे का?

जीएसपी नावाच्या सवलतींमुळे. विकसनशील देशांना युरोप १९७१ पासून एकतर्फी सवलत देतो. अतिशय मागास देशांना २००१ पासून शस्त्रे सोडून सर्व काही विनाशुल्क आहे आणि बांगलादेशाचा कपडा उद्योग त्यावर वाढला. भारताला साधी सवलत मिळते. कपड्यांवर १२ ऐवजी ९.६ टक्के. शिवाय एखाद्या देशाचा माल एखाद्या गटात फार वाढला की त्या गटाची सवलत काढली जाते, आणि भारताचे असे बरेच गट सवलतीबाहेर गेले आहेत. मुक्त व्यापार कराराची निकड त्यातूनच वाढली.

तुर्कस्तान, नॉर्वे, ब्रिटन हे कुठे बसतात?

तुर्कस्तान सदस्य नाही, पण १९९५ च्या अखेरीपासून औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. म्हणजे युरोपचे बाह्य दर पाळायचे, पण ते ठरवताना खुर्ची नाही. महासंघाने कोरियाशी करार केला तेव्हा कोरियाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात जायला मोकळा झाला, पण तुर्की मालाला कोरियात सवलत मिळायला तुर्कस्तानने वेगळा करार करायचा. समोरच्या देशाला त्याची घाई का असावी? अंकारा याबद्दल अनेक वर्षे तक्रार करत आहे आणि ती रास्त आहे.

नॉर्वे एकल बाजारात, म्हणजे माल, सेवा, भांडवल आणि माणसांच्या मोकळ्या ये-जा करण्याच्या व्यवस्थेत आहे, सीमाशुल्क संघात नाही. त्यामुळे नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या गटाशी भारताने मार्च २०२४ मध्ये वेगळा करार केला. ब्रिटन जानेवारी २०२० मध्ये महासंघातून आणि त्या वर्षाच्या अखेरीस सीमाशुल्क संघातून बाहेर पडला आणि जुलै २०२५ मध्ये भारताशी त्याने स्वतः सही केली.

रशियावरचे निर्बंध हाही याच धोरणाचा भाग का?

नाही, निर्बंधांचा निर्णय परराष्ट्र धोरणाखाली होतो आणि तिथे एकमत लागते. म्हणून एकटा हंगेरीही ते लांबवू शकतो. यावर एक वाट काढली गेली. रशिया आणि बेलारूसच्या खतांवर जुलै २०२५ पासून वाढीव आयात शुल्क लावले. शुल्क म्हटले की व्यापार धोरण, आणि तिथे विशिष्ट बहुमत पुरते.

दुसरे देशसमूह असेच करतात का?

थोडेच. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा सीमाशुल्क संघ १९१० पासूनचा, जगातला सर्वांत जुना. मेर्कोसुरमध्ये एकत्र वाटाघाटींचा नियम आहे, पण उरुग्वे अधूनमधून एकट्याने करार करण्याची भाषा करतो. आखाती देशांनी २००३ मध्ये सीमाशुल्क संघ जाहीर केला, तरी संयुक्त अरब अमिरातीने भारताशी २०२२ मध्ये एकट्याने करार केलाच. आसियानचे बाह्य शुल्क एक नाहीच. वर सांगितलेले गणित पूर्णपणे पाळायचे तर न्यायालय, सामायिक तिजोरी आणि हार पत्करण्याची तयारी, तिन्ही लागतात, आणि ती एकत्र सापडणे दुर्मीळ.

माझ्या मालाला किती शुल्क लागेल हे कसे पाहायचे?

आयोगाचे ‘ॲक्सेस टू मार्केट्स’ नावाचे मोफत संकेतस्थळ आहे. मालाचा एचएस कोड, म्हणजे वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि मूळ देश टाकला की शुल्क, सवलत, लागणारी कागदपत्रे दिसतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शुल्क एक असले तरी व्हॅट देशागणिक वेगळा आहे. जर्मनीत १९ टक्के, नेदरलँड्समध्ये २१, हंगेरीत २७. आणि कोडबद्दल शंका असेल तर तुमचा माल कोणत्या वर्गात बसतो याचा लेखी निर्णय एखाद्या सदस्य देशाच्या कस्टम्सकडून आयातदारामार्फत आधीच मागून घ्या. तो तीन वर्षे, सर्व २७ देशांत बंधनकारक असतो.